पाठीमागची सावली

चौतीस वर्षांत मी एकही सूर्यास्त पाहिला नव्हता. सांगायला लाज वाटते, पण त्याला इलाज नव्हता. माझा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ आहे आणि लोक माझ्याकडे येतात ते कचेऱ्या सुटल्यावर. सूर्य मावळायच्या वेळेला माझ्या बाकावर चार-पाच जण केसांतून कंगवे फिरवत बसलेले असतात. शिवाय स्टुडिओला खिडकी नाही. एक होती, ती पहिल्याच वर्षी मी विटा लावून बुजवून टाकली, कारण बाहेरचा उजेड आत आला की चेहऱ्याची एक बाजू निळी पडते आणि अर्ज परत येतो.

अर्ज परत येणं म्हणजे माझ्या धंद्यातली नामुष्की. चेहरा मधोमध हवा, दोन्ही कान दिसायला हवेत, मागचा पडदा पांढरा स्वच्छ हवा आणि डोक्यामागे सावली अजिबात चालत नाही. ह्या सावलीवर माझा भारी दात. दोन दिवे ह्या बाजूला, दोन त्या बाजूला, एक पडद्यावर, आणि एवढं करूनही कुणाच्या कानामागे करडी किनार राहिलीच, तर ती मी कॉम्प्युटरवर बसून पुसतो. सावलीमुळे माझा एकही फोटो आजवर परत आलेला नाही. हे मी बाहेरच्या पाटीवर लिहिणार होतो, पण आमच्या हिने लिहू दिलं नाही.

आमची ही पुढच्या टेबलावर बसते. छापलेले फोटो कात्रीने कापते, पाकिटात घालते आणि गिऱ्हाइकाला तोंडावर खरं सांगते. एका बाईंनी एकदा तक्रार केली की फोटो काही बरोबर आला नाही. ही म्हणाली, चेहरा तुमचाच आहे ना, मग बरोबर आहे. त्या बाई पुन्हा आल्या नाहीत, पण त्यांचा अर्जही परत आला नाही.

आम्हाला एकच मुलगी. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणायचो, आणि ते नाव तिने जरा जास्तच मनावर घेतलं. शिकली हवामानाचं, आणि नोकरी धरली ती जगाच्या पार तळाशी, बर्फावरच्या एका केंद्रावर. अठरा माणसं, सहा खोल्यांची दोन लांबट घरं, आणि एका घरातून दुसऱ्या घरात जायचं तर मधे बांधलेली दोरी धरून जायचं, नाहीतर वाऱ्यात माणूस भरकटतो. तिथे तिचं काम म्हणजे वारा मोजायचा, थंडी मोजायची, आणि रोज एक मोठा फुगा आकाशात सोडायचा. तिच्या अर्जाचा फोटो मीच काढला होता. तेवढा एक परत आला असता तर बरं झालं असतं, असं पुढे माझ्या कितीदा मनात आलं.

तिथल्या हिवाळ्यात अठ्ठावन्न दिवस सूर्य उगवतच नाही. दुपारी तासभर क्षितिजाशी फटफटल्यासारखं होतं, मग पुन्हा अंधार. जाताना हे तिने हसत हसत सांगितलं होतं, आणि वर असंही सांगितलं होतं की तेवढे दिवस तुम्ही मला रोज मावळतीचा एक फोटो पाठवा. तिथली जोडणी इतकी बारीक की दिवसाला एक लहानसा फोटो आणि चार ओळी एवढंच जायचं-यायचं, आणि रविवारी दहा मिनिटं फोन. मी म्हटलं पाठवीन, त्यात काय मोठंसं.

तिचा सूर्य गेला त्या दिवशी संध्याकाळी मी स्टुडिओतला डिजिटल कॅमेरा स्टँडवरून खाली घेतला. बारा वर्षांत तो तिथून हलला नव्हता. स्टँडच्या तीन पायांखाली फरशीचा मूळचा रंग शाबूत होता, बाकी सगळीकडे तो गिऱ्हाइकांच्या चपलांनी उडाला होता. बाकावरच्या लोकांना ही म्हणाली की थांबा जरा, ते सूर्याचा फोटो काढून येतात. लोकांना वाटलं सूर्य नावाचं कुणी आजारी गिऱ्हाईक असेल, ज्याला जिना उतरवत नाही.

गच्चीवर आलो. समोर घरांची रांग, तिच्यामागे बसकी टेकडी, उजव्या हाताला छापखान्याच्या छपरावर लोखंडी पायांची पाण्याची टाकी. आणि ह्या सगळ्यावर ते चाललं होतं. मला दुसरा शब्द सापडत नाही. माझं आयुष्य रंगांत गेलंय, कातडीचे अकरा रंग मी डोळे मिटून सांगेन, पण त्या आकाशातल्या एकाही रंगाला माझ्याकडे नाव नव्हतं. एक रंग बघून पुढच्याकडे वळलो की पहिला तेवढ्यात बदललेला असायचा. हे चौतीस वर्षं रोज माझ्या डोक्यावर होत होतं, आणि मी खाली लोकांच्या कानामागचं पुसत बसलो होतो.

भानावर आलो तेव्हा सूर्याची खालची कड टेकडीला टेकली होती. घाईघाईने फोटो काढला आणि खाली पळालो. पण हाताची सवय कुठे जाते. मी कॅमेरा आडवा धरायचा तो उभा धरला होता. कॉम्प्युटरवर मी सूर्य बरोबर मधोमध आणला, टाकी, तारा आणि एक कबुतर कापून टाकलं, आणि चेहरा फार पिवळा वाटला म्हणून पिवळेपणा काढला. सूर्य उकडलेल्या अंड्यासारखा दिसायला लागला. आमच्या हिने मान वाकवून बघितलं आणि शांतपणे म्हणाली, अहो, त्याला कावीळ नाही झालेली.

मी तसाच पाठवला. तिकडून उत्तर आलं, बाबा, फोटो सुरेख, ह्याला व्हिसा मिळणार ह्यात शंका नाही, पण आपली टाकी कुठे गेली.

मग पुढच्या तीन-चार दिवसांच्या ओळींत तिने नीट समजावून लिहिलं. आपल्याकडे सूर्य रोज थोडा थोडा उजवीकडे मावळतोय, टाकीच्या दिशेने. असा तो सरकत जाईल, टाकीजवळ जाऊन काही दिवस थबकेल आणि मग परत फिरेल. आणि ज्या दिवशी तो तुमच्याकडे परत फिरेल, त्या दिवसापासून तो माझ्याकडे यायला लागेल. म्हणून रोज एकाच जागी उभं राहून, टाकी धरून, काहीही न कापता फोटो काढा. मी पट्टीने मोजून माझ्या पलंगाशेजारच्या भिंतीवर रोज एक टिंब काढणार आहे. हिने मला विचारायला लावलं की तारीख तर कॅलेंडरात असेलच ना, मग एवढा खटाटोप कशाला. त्यावर भिंगरीने लिहिलं की कॅलेंडर आमच्या जेवणाच्या खोलीत टांगलेलं आहे, आई, पण मला ते होताना बघायचंय.

एका जागी उभं राहणं हे मात्र मला कुणी शिकवायला नको. गच्चीवर मी खडूने तीन फुल्या मारल्या, स्टँडचे तीन पाय तिथेच ठेवायचे. सूर्याची कड टेकडीला टेकली की बटण दाबायचं. रंगाला हात लावायचा नाही. हा शेवटचा नियम पाळायला मला सगळ्यात जड गेला.

आणि खरंच, तो सरकत होता. मी आधी मानत नव्हतो, मला वाटायचं मुलीने बापाला कामाला लावलंय. पण आठवड्याने सगळे फोटो शेजारीशेजारी लावले आणि मानावंच लागलं. एवढं मोठं धूड, आणि रोज न चुकता, न गडबडता, टाकीकडे एक एक पाऊल टाकत चाललेलं. मी बाकावरच्या लोकांनाही ते फोटो दाखवायला लागलो. एक वकीलसाहेब दर दोन-तीन महिन्यांनी कसल्या ना कसल्या अर्जासाठी यायचे, ते म्हणाले की ह्यात नवीन काय, शाळेत शिकवतात. मी म्हटलं, साहेब, शाळेत शिकवतात हो, पण तुम्ही बघितलंय का. त्यांनी फोटो पुन्हा हातात घेतले. माझं तरी कुठे काय वेगळं होतं.

अठराव्या दिवशी दुपारी, रविवार नसताना, तिथल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. आवाज शांत होता, म्हणूनच मी आधी दुकानाचं दार लावून घेतलं. भिंगरी जेवायला येत नव्हती. रात्री जागायची, दिवसा झोपायची, आणि तिथे रात्र कुठली नि दिवस कुठला हेच तिला कळेनासं झालं होतं. आदल्या दिवशी ती कुणालाही न सांगता बाहेर गेली, दोरी न धरता. पाऊण तासाने सापडली, फुग्याच्या खोलीच्या आडोशाला बसलेली. विचारलं तर म्हणाली, उजाडायची वाट बघतेय. तिला परत पाठवायचं म्हटलं तरी सूर्य येईपर्यंत तिथे विमान उतरत नाही, म्हणजे अजून चाळीस दिवस. औषधं चालू होती, कुणीतरी सतत लक्ष ठेवून होतं. आणि मग बाई म्हणाल्या, "सध्या ती फक्त एकाच गोष्टीसाठी उठून खोलीबाहेर येते. तुमचा फोटो आला का, हे बघायला."

मी हिला सगळं सांगितलं. ही कात्री चालवत राहिली, आणि एका माणसाचे चार फोटो तिने वाकडे कापले. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, तिने वाकडं कापलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

त्यानंतर मी फोटो काढायला जायचो ते परीक्षेला बसल्यासारखा. तासभर आधीच गच्चीवर. पंचविसावा दिवस, सव्विसावा दिवस, सूर्य टाकीच्या पायाला जवळजवळ चिकटलेला. आणि सत्ताविसाव्या दिवशी आकाश भरून आलं. पश्चिमेला नुसती राखाडी गोधडी. मी तसाच फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, आज सूर्य ढगात आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंचा निरोप आला की काल फोटो बघून ती खोलीत गेली ती अजून बाहेर आलेली नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशीही ढग हटले नाहीत. मी दिवस बुडेपर्यंत गच्चीवर उभा राहिलो, हात जोडायचे बाकी ठेवले होते. मग खाली आलो आणि जे मला उत्तम येतं ते केलं. सोळा दिवसांपूर्वीचा एक सुंदर फोटो शोधून काढला, त्यातले ढग बदलले, एक पक्षी पुसला, उजेड जरा कमी केला. माझ्या बापालाही ओळखू आलं नसतं. हिने विचारलं की हा आजचा का. मी म्हटलं, कुणाला कळणार आहे. ही उठून पुढच्या टेबलाकडे गेली. ती अशी उठून गेली म्हणजे काय समजायचं ते मला समजतं, तरी मी बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. फोनवर भिंगरी हसत होती. महिनाभरात तो आवाज ऐकला नव्हता. बाबा, तो फिरला, म्हणाली. पूर्ण एक सूर्यभर टाकीपासून दूर गेलाय. मी सगळ्यांना सांगितलं, आज सगळ्यांबरोबर जेवले, दोनदा वाढून घेतलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सोळा दिवसांपूर्वी सूर्य टाकीपासून लांब होता. चेहरा, रंग, ढग, सगळं मी बघितलं, आणि ज्या एका गोष्टीसाठी ती फोटो मागत होती तेवढीच बघितली नाही. तोंडाशी आलेलं खरं मी गिळलं. तिचं हसणं मला मोडवेना.

मधले दोन दिवस ढगांचेच फोटो गेले, आणि एकतिसाव्या दिवशी आकाश निवळलं. सूर्य होता तिथेच होता, टाकीच्या पायाला चिकटून. मी खरा फोटो पाठवला. पाठवायलाच हवा होता, पण पाठवताना बोट जड झालं होतं. तासाभरात उत्तर आलं. "बाबा, तुम्ही पाठवलेला सूर्य तीन दिवसांपूर्वी टाकीपासून सूर्यभर लांब होता, आज पुन्हा चिकटलाय. सूर्य असं करत नाही. कुणी केलं?"

मी लिहिलं, मी केलं. सोळा दिवसांपूर्वीचा होता. तू जेवत नव्हतीस म्हणून. चुकलो.

त्यानंतर तिकडून एकही ओळ आली नाही. बत्तिसावा दिवस गेला. फोटो पाठवला, उत्तर नाही. डॉक्टरीणबाईंनी कळवलं की भिंतीवरची सगळी टिंबं तिने खोडरबराने पुसून टाकली आहेत, आणि आता ती फोटो आला का हेही विचारत नाही. दाराबाहेर कुणीतरी बसून असतं. ती 'बसून असतं'ची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. पोरीला मी काळोखात एक काठी दिली होती, आणि तीही मीच काढून घेतली होती. असा राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता, आणि तो काढायला समोर माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

तेहतिसाव्या दिवशी मी सवयीने गच्चीवर गेलो, सवयीने फुल्यांवर स्टँड ठेवला, फोटो काढला. सूर्य खाली गेला. एरवी मी लगेच कॅमेरा उचलून जिना गाठायचो, त्या दिवशी पाय उचलेना. खाली बाक भरलेला असणार, असू दे. पाण्याच्या पिंपाला टेकून मी तसाच बसलो. थोड्या वेळाने ही वाळलेले कपडे काढायला वर आली. माझ्याकडे बघितलं. दोरीवरची चादर ओढली आणि चादर हातात घेऊन ती तशीच थांबली.

"अहो," ती म्हणाली, "जरा मागे वळून बघा."

तेहतीस दिवसांत मी एकदाही मागे वळून बघितलं नव्हतं. पूर्वेकडे आमची वस्ती संपते, पुढे उघडा माळ. त्या माळाच्या कडेवर, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक गडद निळा-करडा पट्टा उभा होता. ढग म्हणावा तर त्याला कडा नव्हत्या, धूर म्हणावा तर तो हलत नव्हता. त्याच्यावर गुलाबी रंगाची रुंद पट्टी, आणि दोन्ही मिळून वर चढत होते. नजर रोखून बघितलं तर चढताना दिसत नव्हते, पण क्षणभर हिच्याकडे बघून पुन्हा तिकडे बघितलं की वर आलेले असायचे. सगळीकडे निवांत झालं होतं. माळावरच्या विजेच्या खांबांचे पाय त्या निळ्यात बुडाले, मग कंबर बुडाली. एवढं मोठं काहीतरी आवाज न करता आमच्याकडे येत होतं, आणि मला भीती वाटत नव्हती. उलट उठून उभं राहावंसं वाटलं, कुणी वडीलधारं खोलीत आल्यावर आपण उभे राहतो तसं. मी उभा राहिलो. ही पण चादर छातीशी धरून माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

मी कॅमेरा वळवला. फुल्या सोडून स्टँड ठेवला आणि एक फोटो काढला.

खाली येऊन तो कॉम्प्युटरवर उघडला, तर पहिल्यांदा मला काय दिसलं असेल ते सांगायला नकोच. मागे सावली पडलीय. पडदा खालून काळवंडलाय. दिवा कमी पडलाय. अशी सावली पुसायला मला दोन मिनिटं पुरतात, आणि हात माऊसवर गेलाही होता. मग मी हात काढून मांडीवर ठेवला. रोजचा सूर्याचा फोटो मी त्या दिवशी पाठवलाच नाही, एकच पाठवता येत होता. हा पाठवला, आणि खाली लिहिलं की हे काय आहे मला माहीत नाही. आईने दाखवलं. मागे सावली पडल्यासारखं दिसतंय. मी काहीही पुसलेलं नाही.

सकाळी दुकान उघडायच्या आधी उत्तर येऊन पडलं होतं. चार ओळींची मर्यादा होती, तिने त्या गच्च भरल्या होत्या.

"बाबा, ती पृथ्वीची सावली आहे. सूर्य पश्चिमेला गेला की आपली स्वतःची सावली पूर्वेकडून वर चढते, आणि पार डोक्यावर आली की आपण तिला रात्र म्हणतो. ती इथपर्यंत पोचलेली आहे. गेले तेहतीस दिवस मी त्या निळ्यातच बसलेय. काल तुम्ही माझा फोटो काढलात."

मी ते वाचलं, आणि कागदावर छापून हिला दाखवायला नेलं. हिने कागद माझ्या हातातून घेतला, स्वतः वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मग शटर वर करायच्या ऐवजी ती जिना चढून गच्चीवर गेली. सकाळची वेळ, पूर्वेला लख्ख ऊन होतं, तिथे बघायला काहीच नव्हतं. तरी ती बराच वेळ तिकडे बघत उभी राहिली.

त्या दिवसापासून आमची आणि त्या सावलीची ओळख झाली म्हणायला हरकत नाही. संध्याकाळी आधी पश्चिमेला सूर्याचा फोटो, भिंतीवरच्या टिंबासाठी, न कापता, न पुसता. ढग असले तर ढगांचा. आणि मग आम्ही दोघं वळायचो. दुकान अर्धा तास बंद, बाहेर ही पाटी लावायची, थोड्या वेळात येतो. माळाच्या कडेवर ती निळी कड दिसली की ही म्हणायची, आली. खांबांचे पाय बुडायचे, माळ बुडायचा, मग पिंप, मग आमचे पाय. चौतीस वर्षं मी जिच्याशी भांडलो तीच ही सावली, आणि आता ती अंगावर येताना मला वाटायचं, पोर त्या टोकाला आहे आणि आम्ही ह्या टोकाला, पण पांघरूण एकच. रात्र म्हणजे काळोख हे मला लहानपणापासून माहीत होतं. ती अशी चालत येते, तिला कड असते, आणि त्या कडेला गुलाबी रंग असतो, हे मला साठाव्या वर्षी कळलं.

भिंगरी पुन्हा लिहायला लागली. तब्येत लगेच सुधारली असं नाही, डॉक्टरीणबाई जपून बोलत होत्या. कधी दोन दिवस गप्प असायची. पण दोरी धरून फुग्याच्या खोलीपर्यंत जायची, आणि पुसलेली टिंबं तिने पुन्हा काढली होती. ढगांच्या दिवसांना तिने लहान रेघा ओढल्या होत्या, अठ्ठाविसाव्या दिवसाची जागा मात्र मोकळी ठेवली होती. हे तिने मला मुद्दाम कळवलं, आणि मला ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

चाळिसाव्या दिवशी मी फोटो पाठवला आणि पट्टी घेऊन स्वतः मोजला. टाकीचा पाय आणि सूर्य यांच्यामध्ये केसभर फट दिसत होती. मला वाटलं, डोळ्यांना भास होतोय, हवं तेच दिसतंय. हिला मोजायला दिला, काहीही न सांगता. ती कात्रीने मिलिमीटर कापणारी बाई. तिने मोजलं आणि म्हणाली, फिरला. तेवढ्यात तिकडून ओळ आली, त्यात पण एकच शब्द होता, आणि तोच होता.

मग तो रोज एक पाऊल डावीकडे. आमच्यापासून मागे, तिच्याकडे पुढे. मी रोज त्याला मनातल्या मनात म्हणायचो, चला, पाय उचला जरा. त्याने कधी घाई केली नाही आणि कधी उशीरही केला नाही.

एकोणसाठाव्या दिवशी संध्याकाळी दुकानात रीघ होती. बाकावर जागा नव्हती, वकीलसाहेबही कसल्याशा नव्या अर्जासाठी आले होते. एक आजोबा स्टुलावर, मान सरळ, कान बाहेर, मी बटणावर बोट ठेवलेलं, आणि कॉम्प्युटरवर फोटो आल्याचा आवाज झाला. मी आजोबांना म्हटलं, एक मिनिट, आणि पडदा बाजूला सारून धावलो.

फोटोत सूर्य नव्हता. नुसता बर्फ, लांबवर पसरलेला, आणि त्यावर फिकट केशरी उजेड आडवा आलेला. मग मला दिसलं. फोटोच्या खालच्या कडेतून एक सावली निघाली होती, बारीक आणि लांबच लांब, बांबूसारखे दोन पाय, वर एवढंसं डोकं, आणि त्या डोक्याच्याही पुढे गेलेला एक उचललेला हात. खाली लिहिलं होतं, सूर्य पाठीशी उभा आहे म्हणून फोटोत आला नाही. ही माझी आहे. अठ्ठावन्न दिवसांनी आली. बाबा, पुसू नका.

दुकानातल्या सगळ्यात मोठ्या कागदावर मी तो छापला. रंग जसे होते तसे. शाई ओली असतानाच बाहेर आणून हिच्या टेबलावर ठेवला. ती बघत राहिली. मग हाताच्या सवयीने तिने कात्री उचलली, कागद एका बाजूने फिरवला, दुसऱ्या बाजूने फिरवला, चारही कडा बघितल्या.

"कुठून कापू?" तिने विचारलं.

"कुठूनच नको," मी म्हटलं.

तिने कात्री खाली ठेवली. बाकावरचे लोक उठून टेबलाभोवती जमले होते. वकीलसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकून बघितलं आणि विचारलं की हा कुणाचा फोटो. ही म्हणाली, आमच्या मुलीचा.

"ह्यात चेहरा कुठे दिसतोय?" वकीलसाहेब म्हणाले.

"आम्हाला दिसतोय," ही म्हणाली. मग तिने पदराने डोळे टिपले आणि त्यांना सांगितलं की त्या आजोबांचं झालं की तुमचा नंबर, केस विंचरून ठेवा.